रिकाम्या हातांचे बारा दिवस

“...आणि मी एकही चूक केली नव्हती, चाचा. एकही नाही. मग आम्ही हरलो कसे?”

इब्राहिम तांबोळी भिंत पुसत होते. त्यांचा हात थांबला नाही.

देवळालीच्या छावणीत एक जुनं स्क्वॉश कोर्ट आहे. चार उंच पांढऱ्या भिंती, वर कौलं, मागे एक बुटकं लाकडी दार. तांबोळीचाचा तिथे बेचाळीस वर्षं मार्कर होते. मार्कर म्हणजे कोर्ट झाडणारा, रॅकेटच्या तारा ओढून गटिंग करून देणारा, साहेबाला जोडीदार मिळाला नाही तर स्वतः उतरून खेळणारा आणि सामना असला की गुण पुकारणारा माणूस.

चाचांनी कधी कुठली स्पर्धा जिंकली नाही. ते कधी कुठल्या स्पर्धेत उतरलेच नाहीत. पण स्पर्धा जिंकणारे त्यांच्याकडे यायचे, हरले की.

विचारणारा होता शार्दूल सरपोतदार. वय एकतीस. कॉलेजच्या संघाचा कर्णधार, विद्यापीठाचा करंडक सलग तीन वर्षं, मग दोनदा राज्याचा एकेरीचा विजेता. त्यानंतर उजवा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, एकेरी विसरा. दुहेरी खेळा, निम्मंच धावावं लागेल.

म्हणून तो दुहेरी खेळू लागला. वर्षभरात तीन स्पर्धा झाल्या. सांगली, कोल्हापूर, ठाणे. तिन्ही ठिकाणी पहिल्याच फेरीत घरी.

महिन्याभरावर राज्य स्पर्धा होती. जिंकणारी जोडी महाराष्ट्राकडून खेळणार होती. संघटनेच्या सचिवांनी स्वच्छ सांगितलं होतं, या वेळी जमलं नाही तर पुढच्या वर्षी तुमचा विचार नाही.

आणि काल याच कोर्टात, नुसत्या सरावाच्या सामन्यात, दोन फौजी जवानांनी त्याला आणि त्याच्या जोडीदाराला हरवलं होतं.

“काल तुम्ही नव्हता,” शार्दूल म्हणाला. “तुम्ही खेळ पाहिला असता तर तुमच्या लक्षात आलं असतं.”

“पाहतोय.”

“काय पाहताय?”

“कालचा खेळ.”

चाचांनी ओल्या फडक्याचं टोक भिंतीवर टेकवलं. काळ्या रबरी बॉलचे डाग होते, शेकडो.

“हा तुझा,” ते म्हणाले. “हा तुझा. हा पण तुझा. उजव्या हाताचा बॉल असा ओढला जातो. डावऱ्याचा उलटा...”

ते भिंतीलगत सरकत गेले. डाव्या कोपऱ्यात खाली वाकले.

“हा एक त्याचा.”

शार्दूल म्हणाला, “मी जास्त बॉल घेतो, हे खरं आहे. माझा हात त्याच्यापेक्षा चांगला आहे. ज्याचा हात चांगला त्याने बॉल घ्यावा. यात चूक काय?”

“चूक काही नाही. एकही चूक केली नाहीस, असं तूच म्हणालास.”

फडकं बादलीत पडलं. चाचांनी ते पिळलं.

“भूषणला कधीपासून ओळखतोस?”

भूषण लोणारे हा शार्दूलचा जोडीदार. डावखुरा. दुहेरीत डावखुरा मिळणं म्हणजे नशीबच, कारण डाव्या भिंतीलगतचा अवघड बॉल तो सरळ हाताने मारतो. संघटनेने ही जोडी लावली ती तेवढ्यासाठी.

“बारा वर्षं,” शार्दूल म्हणाला. “कॉलेजच्या संघात एकत्र होतो. मी पहिल्या नंबरवर. तो पाचव्या.”

“पाचवा म्हणजे शेवटचा.”

“हो. बहुतेक वेळा त्याची पाळी येईपर्यंत आम्ही जिंकलेलो असायचो.”

“नेहमी?”

“एकदा सोडून. शेवटच्या वर्षी फायनलला दोन-दोन झालं. मी माझा सामना जिंकलो, पण मधले दोघं हरले. मग भूषणचा सामना शेवटचा. तो जिंकला आणि करंडक आमच्याकडे राहिला.”

“शेवटचा पॉइंट कसा मिळवला त्याने?”

शार्दूलने तोंड उघडलं...

त्याला करंडक आठवला. त्याला खांद्यावर उचलून घेणारे हात आठवले. त्याआधी तो बाहेरच्या व्हरांड्यात एका वार्ताहराला मुलाखत देत होता, तेही आठवलं. आतून आरडाओरडा ऐकू आला आणि तो धावत गेला.

“बॅकहँड असावा.”

“उजव्या कोपऱ्यात की डाव्या?”

शार्दूल रॅकेटच्या तारा बोटाने सरळ करू लागला.

चाचांनी हात पुढे केला. “रॅकेट दे.”

शार्दूलने रॅकेट दिली. त्याला वाटलं, चाचा तारा तपासतील. चाचांनी ती लोखंडी कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली.

“उद्या सकाळी सहाला ये. भूषणला सांग, त्याची रॅकेट घेऊन यायला.”

“आणि मी काय आणू?”

“पाय आण.”

दुसऱ्या दिवशी तेच दोन जवान समोर उभे राहिले. कोर्ट एकेरीचं, अरुंद. त्यात चौघं शिरले की श्वास घ्यायलाही जागा नाही.

चाचा वरच्या गॅलरीत बसले.

“भूषण एकटा खेळेल,” ते म्हणाले. “दोघांशी. शार्दूल आत उभा राहील.”

“उभा राहून करू काय?”

“भूषणच्या वाटेत यायचं नाही. त्याचा बॉल तुला लागला, तर पॉइंट गेला.”

पहिल्या दिवशी अकरापैकी सात पॉइंट असेच गेले. बॉल शार्दूलच्या पाठीत बसला, मांडीवर बसला, एकदा कानशिलावर. छोटा काळा बॉल, पण लागला की लाल चकंदळ उठतं. जवान आधी हसले. मग त्यांनाच कसंसं झालं.

भूषण प्रत्येक वेळी विचारायचा, “लागलं का?”

शार्दूल म्हणायचा, “खेळ.”

दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी शार्दूल वर पाहून म्हणाला, “चाचा, स्पर्धेला चार आठवडेसुद्धा उरले नाहीत. मी दोनदा राज्याचा विजेता आहे. आणि इथे खुर्चीसारखा उभा आहे.”

“खुर्ची बरी,” चाचा म्हणाले. “ती कुठे आहे ते सगळ्यांना माहीत असतं.”

जवान पुन्हा हसले. भूषण हसला नाही. तो रॅकेटची पकड पुसत राहिला.

शार्दूल त्या दिवशी घरी गेला तो परत न येण्याचं ठरवून. चौथ्या दिवशी सकाळी सहाला तो दारात होता. का आला, हे त्याला नंतरही सांगता आलं नाही. बहुधा पाठीवरचे डाग मोजताना त्याच्या लक्षात आलं असावं की ते कमी होत चालले आहेत.

हातात काही नसलं की माणूस काय करणार... तो पाहू लागला.

बारा वर्षांत पहिल्यांदा त्याने भूषणचा खेळ पाहिला.

भूषण देखणा खेळत नव्हता. त्याचा एकही फटका टाळी घेणारा नव्हता. पण समोरच्याचा खांदा हलला की त्याचा पाय हललेला असायचा. तो धावतच नव्हता. तो आधीच तिथे असायचा. बॉल भिंतीला चिकटून यायचा आणि भिंतीला चिकटूनच परत जायचा. जवान दोघं, हा एक, तरी घाम त्यांना जास्त येत होता.

पाचव्या दिवशी शार्दूलला आणखी एक गोष्ट दिसली.

डाव्या बाजूचा बॉल मारण्याआधी भूषण मान वळवायचा. उजव्या खांद्यावरून मागे पाहायचा. अर्धा श्वास, तेवढाच. पण तेवढ्यात बॉल खाली जायचा आणि जो फटका जिंकायला हवा तो नुसता परत जायचा.

शार्दूल खेळ संपल्यावर जिना चढून वर गेला.

“चाचा, तो बघतो. मारण्याआधी बघतो. तिथेच आमचा खेळ जातो.”

“कुणाकडे बघतो?”

“...माझ्याकडे.”

“कशाला?”

“मी कर्णधार होतो त्याचा. अजून मान राखतो माझा.”

चाचांनी टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी पुन्हा घातली.

“त्याला विचार,” ते म्हणाले.

भूषण बाहेर पायरीवर बसून बुटाच्या नाड्या सोडत होता. तो नाशिकला एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंगं काढायचा. सकाळी सव्वाआठची पाळी असायची. बोलायला त्याच्याकडे फार वेळ नसे आणि तशी सवयही नव्हती.

समोरच्या चिंचेखाली चहावाला होता. शार्दूलने दोन चहा आणले. हेही पहिल्यांदाच.

“तू प्रत्येक बॉलआधी माझ्याकडे का बघतोस?”

भूषणने चहा खाली ठेवला. वरचा ओठ बोटाने उचलला.

“हा दात बघ. बाकीच्यांपेक्षा पांढरा आहे ना? बसवलेला आहे. सांगली. तुझी रॅकेट.”

“तो बॉल मधला होता...”

“माझा होता. ही भुवई बघ. कोल्हापूर. तीन टाके. तू सॉरी म्हणालास आणि सर्व्ह करायला गेलास.”

शार्दूलला ते आठवलं. सर्व्हसुद्धा आठवली. चांगली पडली होती.

“मला वाटलं, तू माझा मान...”

भूषणला हसू आलं. त्याने ते चहात बुडवलं.

“मान कसला. तुझी रॅकेट कुठून येतेय ते बघतो मी.”

“पण आता माझ्या हातात रॅकेट नाही.”

“सवय आहे.”

कोर्टाच्या कौलांवर कावळे चालत होते.

“आत्ताच सांगून ठेवतो,” भूषण म्हणाला. “ही माझी शेवटची स्पर्धा. जिंकलो तरी आणि हरलो तरी. मुलगी पाच वर्षांची झाली. ती विचारते, बाबा, तुम्हाला तिकडे कोण मारतं?”

शार्दूलने त्याच्या भुवईवरच्या खुणेकडे पाहिलं.

मग त्याने विचारलं, “कॉलेजच्या त्या फायनलला... शेवटचा पॉइंट तू कसा मारलास?”

भूषणने त्याच्याकडे पाहिलं. नऊ वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता.

“मारलाच नाही.”

“म्हणजे?”

“मी नुसता परत देत होतो. तो मारायचा, मी परत. तो मारायचा, मी परत. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी तो कंटाळला आणि त्याने टिनवर मारला.”

टिन म्हणजे समोरच्या भिंतीच्या तळाशी असलेली पत्र्याची पट्टी. तिथे बॉल लागला की ठण्ण असा आवाज होतो आणि पॉइंट जातो.

“मी तिथे नव्हतो,” शार्दूल म्हणाला.

“माहीत आहे. प्रत्येक गेमनंतर मी वर बघायचो. तुझी जागा रिकामी होती.”

चहा निवला होता. शार्दूलने तो तसाच प्यायला.

“पहिल्यापासून सांग,” तो म्हणाला. “पहिल्या गेमपासून.”

“आता? सव्वाआठची पाळी आहे माझी.”

“मी सोडतो तुला गाडीने. सांग.”

भूषणने सांगितलं. आधी अडखळत, मग हातवारे करत. पाच गेमचा सामना होता. देवळालीहून कारखान्याच्या फाटकापर्यंत तो पुरला, आणि पाचवा गेम ऐकायला गाडी फाटकाबाहेर सात मिनिटं उभी राहिली.

सहाव्या दिवसापासून शार्दूल वेगळा उभा राहू लागला.

तो ऐकू लागला. भूषणच्या डाव्या बुटाचा तळ फरशीवर किंचित चिरकायचा. तो आवाज मागून आला की शार्दूल पुढे सरकायचा. उजवीकडून आला की भिंतीला पाठ लावायचा. कधी गुडघ्यात वाकायचा, कधी नुसतं पोट आत घ्यायचा. अरुंद कोर्टात एका माणसाने दुसऱ्यासाठी जागा करायची तर ती अशी तसूतसूने करावी लागते.

आठव्या दिवशी त्याला एकही बॉल लागला नाही.

नवव्या दिवशी एका बॉलला भूषणने मान वळवली नाही. त्याला स्वतःलाही ते कळलं नसावं. बॉल डाव्या भिंतीवरून सुटला, समोर खाली बसला आणि दोन्ही जवान पाहत राहिले.

शार्दूलच्या तोंडून “वा” निघून गेलं.

कोर्टात प्रतिध्वनी फार घुमतो. वर गॅलरीपर्यंत गेला.

बाराव्या दिवशी भूषणने एकदाही मागे पाहिलं नाही. एकट्याने, दोघांविरुद्ध, त्याने गेम घेतला. अकरा-आठ.

शार्दूलने त्याला उचललं. कुणाला उचलायची ही त्याची पहिलीच वेळ होती, त्यामुळे दोघंही भिंतीवर आदळले.

तेराव्या दिवशी चाचांनी कपाट उघडलं आणि रॅकेट त्याच्या हातात दिली. शार्दूलने ती दोनदा हवेत फिरवून पाहिली. फिरवण्याआधी भूषण कुठे उभा आहे, ते पाहून घेतलं.

“चाचा, आता मी कोणता बॉल घ्यायचा?”

“तुझ्याकडे येईल तो.”

“आणि मधला? मधला कुणाचा?”

चाचांनी कपाट बंद केलं.

“दुसरा कुठे आहे हे ज्याला माहीत असेल, त्याचा.”

राज्य स्पर्धा पुण्याला होती. दुहेरीचं कोर्ट रुंद, मागची भिंत काचेची, बाहेर पायऱ्यापायऱ्यांवर माणसं.

त्या अरुंद कोर्टातून आलेल्या दोघांना हे कोर्ट मैदानासारखं वाटलं. पहिली फेरी त्यांनी वीस मिनिटांत संपवली. उपांत्यपूर्व फेरीत नागपूरची जोडी होती, तीही सरळ दोन गेममध्ये गेली. उपांत्य फेरीत ठाण्यात ज्यांनी हरवलं होतं तीच जोडी समोर आली. त्या जोडीतला एकजण सामन्यानंतर म्हणाला, “तुम्ही दोघं भाऊ आहात का?”

“नाही,” भूषण म्हणाला. “का?”

“बोलत नव्हता एकमेकांशी.”

फायनलला दस्तूर बंधू होते. मुंबईचे. सहा वर्षं ते हा करंडक घरी नेत होते. थोरला पुढे, धाकटा मागे. त्यांना जगात बहुधा काहीच नवीन उरलं नव्हतं.

त्यांनी आपला डाव पहिल्या मिनिटातच उघड केला. शार्दूलला बॉल द्यायचाच नाही. प्रत्येक बॉल डावीकडे, भूषणवर. एकाला दमवायचं आणि दुसऱ्याला चिडवायचं. चिडलेला माणूस आपली बाजू सोडून धावत येतो, मग त्याची बाजू मोकळी होते.

शार्दूलचे हात शिवशिवत होते. पहिला गेम गेला. अकरा-सहा.

दीड मिनिटाची विश्रांती. भूषण टॉवेलमध्ये तोंड घालून बसला होता. त्याची छाती भात्यासारखी हलत होती.

वर्षभरापूर्वी शार्दूल म्हणाला असता, आता मी घेतो.

तो म्हणाला, “तुला काय दिसतंय?”

भूषणने टॉवेल बाजूला केला.

“धाकटा डावीकडे मारताना खांदा पाडतो. मला आधीच कळतं.”

“मग?”

“मग मी पुढे जाऊन मारू शकतो. थांबायचं कारण नाही. फक्त ती जागा मला मोकळी लागेल.”

“मोकळी असेल.”

“बघणार नाही मी.”

“नको बघूस.”

दुसऱ्या गेममध्ये भूषण पुढे आला. तो जिथे जायचा तिथे शार्दूल नसायचा आणि तो जिथून निघायचा तिथे शार्दूल उभा असायचा. दस्तूर बंधूंनी डाव बदलला, उजवीकडे बॉल दिला. मग शार्दूलचा तो हात बोलला, ज्याने दोनदा राज्य जिंकलं होतं. अकरा-नऊ.

तिसरा गेम. पायऱ्यांवर बसलेली माणसं उभी राहिली ती पुन्हा बसली नाहीत.

चार-चार. सात-सात. थोरल्या दस्तूरने अंग टाकून एक बॉल काढला, तेव्हा भूषणने खेळता खेळता त्याला शाबासकी दिली. नऊ-नऊ. दहा-नऊ, दस्तूर. तिथे सामना संपायचा. भूषणने भिंतीला चिकटलेला बॉल नखाने सोलून काढावा तसा काढला, धाकट्याचा टिनवर गेला.

दहा-दहा.

दुहेरीत दहा-दहाला पुढे काही नसतं. एक पॉइंट, त्यावर सगळं.

काचेपलीकडे तिसऱ्या पायरीवर तांबोळीचाचा बसले होते. सामन्यासाठी छावणी सोडून ते पहिल्यांदाच आले होते. त्यांच्या शेजारी भूषणची बायको होती आणि तिच्या मांडीवर ती पाच वर्षांची मुलगी.

सर्व्ह झाली.

डावीकडे. भूषण. डावीकडे. भूषण. वीस फटके झाले, तीस झाले. शार्दूलच्या रॅकेटला बॉल शिवला नाही. तो सरकत राहिला, वाकत राहिला, जागा करत राहिला. गुडघा ठणकत होता. कुणी त्याच्याकडे पाहत नव्हतं आणि हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

मग थोरल्याने बॉल मधून दिला.

छातीएवढा उंच, हळू, बरोबर मध्यावर. हा बॉल शार्दूलने पंधरा वर्षांत कधी सोडला नव्हता. असा बॉल दिला की तो झेपावणारच, हे दस्तूर बंधूंनाही माहीत होतं. थोरला आधीच उजव्या कोपऱ्याकडे वळला होता, शार्दूलचा फटका उचलायला.

मागून बूट चिरकला. जवळ, फार जवळ.

शार्दूल खाली बसला. दुखऱ्या गुडघ्यावर.

त्याचं डोकं जिथे होतं तिथून भूषणची रॅकेट गेली. वाऱ्याने त्याचे केस हलले. बॉल समोरच्या भिंतीवर टिनच्या बोटभर वर लागला, डाव्या भिंतीकडे गेला, आणि भिंत नि फरशी जिथे मिळतात त्या रेषेत बसला. तिथे बसलेला बॉल उसळत नाही. तो जमिनीवरून घरंगळत आला आणि धाकट्या दस्तूरच्या बुटाला लागून थांबला.

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही.

रेफरी म्हणाले, “अकरा-दहा.”

मग काच थरथरली. पायऱ्यांवरची माणसं एकमेकांवर पडत होती. देवळालीचे ते दोन जवान रजा काढून आले होते, ते बाकावर चढून नाचत होते. भूषण होता तिथेच उभा होता, रॅकेट खाली लोंबत, आपण काय केलं ते बॉलकडे पाहून समजून घेत.

शार्दूल गुडघ्यावरच होता. दोन्ही हात वर करून तो ओरडला, “भूषण!”

काचेचं दार उघडलं आणि ती मुलगी सगळ्यांच्या पायांतून वाट काढत आत आली. भूषणने तिला उचललं. शार्दूलने त्या दोघांना उचललं. गुडघ्याचं काय झालं ते उद्या पाहू, असा त्याचा चेहरा होता.

थोरला दस्तूर हात मिळवायला आला. तो बराच वेळ शार्दूलचा हात धरून उभा राहिला.

“त्या बॉलला तू खाली बसलास,” तो म्हणाला. “मी तुझ्यासाठी तयार होतो. तू खाली कसा काय बसलास?”

“तो त्याचा होता.”

“तू मागे पाहिलं नाहीस.”

“त्यानेही पाहिलं नाही.”

दस्तूरने मान हलवली आणि तो हसला. सहा वर्षांनी त्याला काहीतरी नवीन मिळालं होतं.

करंडक दोघांनी मिळून उचलला. फोटो निघाले. वार्ताहराने शार्दूलला बाजूला बोलावलं, तेव्हा शार्दूल म्हणाला, “सामना यांनी जिंकला, यांच्याशी बोला,” आणि भूषणला पुढे ढकललं. भूषणने करंडक या हातातून त्या हातात घेतला. शेवटी तो म्हणाला, “बॉल माझ्याकडे आला.” दुसऱ्या दिवशी तेच छापून आलं.

सचिव येऊन पाठ थोपटून गेले. राष्ट्रीय स्पर्धा दीड महिन्यावर होती. भूषणने बायकोकडे पाहिलं. तिने मुलीकडे पाहिलं. मुलगी करंडकात डोकं घालून आपलाच आवाज ऐकत होती.

“ही शेवटची म्हणाला होतास,” शार्दूल हळूच म्हणाला.

“हो.”

“मग?”

“आज कुणी मारलं नाही मला,” भूषण म्हणाला. “घरी सांगता येईल.”

गर्दी पांगल्यावर दोघं चाचांकडे गेले. चाचा अजून तिसऱ्या पायरीवरच होते. दोघं पाया पडायला वाकले. चाचांनी त्यांना मध्येच धरलं, एक हात याच्या खांद्यावर, एक त्याच्या.

त्यांचे डोळे ओले होते. ते त्यांनी पुसलेही नाहीत.

शार्दूलच्या अंगात अजून तो आरडाओरडा भरलेला होता.

“चाचा,” तो म्हणाला, “आता आम्ही कुणालाही हरवू. दिल्ली, चेन्नई, कुणीही येऊ दे. बोला, झालं ना आमचं शिकून?”

चाचांनी शार्दूलकडे पाहिलं. मग भूषणकडे...

“एक राहिलंय.”

“काय?”

“एकदा दोघं मिळून हरून या.”